दुर्मिळ शॉकअप लावला म्हणजे गाडी सुधारली का? जुन्या मोटोक्रॉसकडून शिकायची संशोधनाची शिस्त

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक प्रश्न हमखास पडतो: "विषय तर आवडीचा आहे, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?" या लेखात त्याचं उत्तर एका आवडीच्या विषयातूनच शोधू या. विषय आहे जुन्या मोटोक्रॉस गाड्यांचं सस्पेन्शन, आणि ते सुधारण्यासाठी लोक ज्या दुर्मिळ शॉकअपच्या मागे लागतात ते भाग.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला गॅब्रिएलचा कारखाना आहे, चाकणला एन्ड्युरन्सचे कारखाने आहेत. देशातल्या कितीतरी दुचाकींचे फोर्क आणि शॉकअप याच पट्ट्यात तयार होतात. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा मातीच्या टेकाडांवरून उडणाऱ्या गाड्या अनेकांनी पहिल्यांदाच जवळून पाहिल्या. त्या नव्या गाड्यांचं सस्पेन्शन ज्या वाटेनं इथवर आलं, ती वाट जुन्या गाड्यांमध्ये अजून उघडी दिसते. म्हणून अभ्यासाला जुनी गाडी चांगली.

पूर्ण लेखाचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा: "सुधारणा" हा शब्द म्हणजे तुलना आहे. आधीची स्थिती मोजलेली नसेल, तर सुधारणा झाली असं म्हणताच येत नाही. भाग कितीही दुर्मिळ असो, कितीही महाग असो.

शंभर मिलिमीटर ते तीनशे मिलिमीटर

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटोक्रॉस गाडीचं मागचं चाक सुमारे १०० मिमी वर-खाली व्हायचं. दशक संपता संपता तोच आकडा ३०० मिमीच्या आसपास गेला. हे का झालं, ते बारावीच्या भौतिकशास्त्रातून कळतं.

समजा गाडी १ मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडली. जमिनीला टेकताना तिचा उभा वेग सुमारे ४.४ मीटर प्रतिसेकंद असतो. हा वेग शून्यावर आणायला तुमच्याकडे चाकाचा प्रवास असतो तेवढंच अंतर आहे. अंतर १०० मिमी असेल तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या १० पट येतं. अंतर ३०० मिमी असेल तर ३.३ पट. प्रत्यक्षात उतरणीवर उतरल्यानं आणि स्वार गुडघे वाकवत असल्यानं आकडे कमी होतात, पण गुणोत्तर तेच राहतं. प्रवास तिप्पट केला की पाठीवरचा आणि चासीवरचा मार एक तृतीयांश होतो. त्या दशकातली सगळी धडपड या एका गुणोत्तरासाठी होती.

बेल्जियमचे लुसियाँ टिल्केन्स यांनी दोन शॉकअपऐवजी एकच लांब शॉकअप टाकीखाली आडवा टाकायची रचना केली. यामाहानं ती घेतली, आणि १९७३ साली हॉकन अँडरसन या स्वीडिश स्वारानं त्या रचनेच्या यामाहावर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. अमेरिकेत फॉक्सनं स्प्रिंग काढून टाकून हवेवर चालणारे 'एअरशॉक्स' आणले. १९७६ मध्ये केंट हॉवर्टननं ते लावलेल्या हुस्कवार्नावर तिथली ५०० सीसीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये केन्थ ओलिन यांनी ओलिन्स सुरू केली, आणि पुढच्या वर्षी नेदरलँड्समध्ये व्हाइट पॉवर सुरू झाली. तीच आजची डब्ल्यूपी. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या फोर्कवर तुम्ही हे नाव वाचलं असेल.

हेच ते भाग, ज्यांना आज जुन्या गाड्यांचे शौकीन "दुर्मिळ" म्हणतात. थोड्या संख्येनं बनलेले, त्या काळी स्पर्धेत जिंकलेले, आणि आता सील मिळत नाहीत म्हणून अडगळीत पडलेले.

आपल्याकडचं चित्र

भारतात त्या काळातल्या खऱ्या मोटोक्रॉस गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. आपल्याकडचं मातीवरचं रेसिंग वाढलं ते १९८० च्या दशकात आलेल्या १०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांवर: इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, कावासाकी-बजाज केबी १००, आणि पुढे टीव्हीएस-सुझुकीची शोगन. गाड्या रस्त्यावरच्याच. मडगार्ड उतरवायचं, हँडल बदलायचं, खड्ड्यांचे टायर चढवायचे आणि मैदानात उतरायचं. सस्पेन्शनला हात लावायची वेळ आली की दुसऱ्या गाडीचा फोर्क, तिसऱ्या गाडीचा शॉकअप आणि वेल्डिंग. चिमटा (म्हणजे स्विंग आर्म) लांब करून घेणं हाही ठरलेला उद्योग.

या कामाला लागणारी कारागिरी भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत सहज मिळते: शाफ्टला हार्ड क्रोम, सेंटरलेस ग्राइंडिंग, सिलिंडरचं होनिंग, नमुन्यावरून स्प्रिंग वळवून देणारे. ज्या कामासाठी परदेशातला शौकीन महिनोन्महिने थांबतो, ते इथे जॉब वर्कवर होऊन जातं. जुने सुटे भाग शोधायला लोक नाना पेठ, जुना बाजार आणि चिखलीजवळची कुदळवाडी पालथी घालत. त्यातल्या कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं अनधिकृत बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली. त्यात भंगाराची असंख्य गोदामं गेली. अतिक्रमणाचा प्रश्न वेगळा, पण अभ्यासकाच्या नजरेतून इथे एक गोष्ट लक्षात येते. जुन्या यंत्राचा पुरावा आपल्या सोयीनं थांबत नाही. आज समोर दिसणारा भाग उद्या वितळलेला असू शकतो. म्हणून तो हाती आला की मोजून ठेवणं महत्त्वाचं.

आता मोजायचं काय? सस्पेन्शनचे तीन हिस्से धरू: स्प्रिंग, ती कुठे आणि कशी बसवली आहे ती भूमिती, आणि डॅम्पर.

स्प्रिंग: प्रीलोडचा गैरसमज

गॅरेजमध्ये ऐकू येणारं वाक्य: "शॉकअप कडक करून घेतला." बहुतेक वेळा खालची नॉच फिरवून स्प्रिंग थोडी दाबलेली असते. याला प्रीलोड म्हणतात. सरळ, एकसारख्या वळणाच्या स्प्रिंगचा प्रीलोड वाढवल्यानं तिचा कडकपणा बदलत नाही. आधी १ मिमी दाबायला १२ न्यूटन लागत असतील तर नंतरही १२ च लागतात. बदलते ती गाडीची बसण्याची उंची.

ही उंची मोजायला खर्च काही नाही. गाडी स्टँडवर, चाक हवेत असताना मागच्या अक्षापासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग स्वार नेहमीच्या कपड्यात आणि बुटात बसवून तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. आधुनिक मोटोक्रॉसमध्ये ३०० मिमी प्रवासाला साधारण १०० मिमी सॅग ठेवतात, म्हणजे प्रवासाचा एक तृतीयांश. हा प्रवास खड्ड्यात चाक खाली जाण्यासाठी राखलेला असतो. सॅग बरोबर आणायला खूप प्रीलोड द्यावा लागत असेल तर स्प्रिंग स्वाराच्या वजनाला मऊ आहे, एवढं तुम्ही कुठलंही यंत्र न वापरता सांगू शकता.

भूमिती: वर्गाचा नियम

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. जुन्या गाडीत दोन शॉकअप जवळजवळ उभे, अक्षाच्या जवळ असतात. चाक १०० मिमी वर गेलं तर शॉकअप साधारण ९० मिमी दाबला जातो. गुणोत्तर झालं ०.९. मोनोशॉक मात्र चिमट्याच्या पिव्होटजवळ बसतो. तिथे चाक १०० मिमी हललं तर शॉकअप कदाचित ५० मिमीच हलेल. गुणोत्तर ०.५.

चाकापाशी जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले या गुणोत्तराचा वर्ग. वर्ग का? एक तर चाकाच्या तुलनेत स्प्रिंग कमी दबते, आणि तिनं दिलेलं बल चाकापर्यंत पोहोचताना तरफेमुळे आणखी कमी होतं. कपात दोनदा होते.

आकडे घालून बघा. १२ न्यूटन प्रतिमिमीच्या दोन स्प्रिंगा म्हणजे एकूण २४. गुणोत्तर ०.९ असेल तर चाकापाशी सुमारे १९.४. तेवढाच एकूण कडकपणा असलेला मोनोशॉक ०.५ च्या जागी बसवला तर चाकापाशी उरतात फक्त ६. गाडी बसतानाच खाली टेकणार. मूळची भावना परत आणायला जवळजवळ ७८ न्यूटन प्रतिमिमीची स्प्रिंग लागेल. म्हणून "अमक्या गाडीचा शॉकअप तमक्या गाडीला बसतो" या वाक्यातल्या "बसतो"चा अर्थ फक्त बोल्ट बसतात एवढाच घ्यायचा.

डॅम्परलाही हाच नियम लागू होतो. डॅम्परचं बल वेगाच्या प्रमाणात असेल तर गुणोत्तराचा वर्ग, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर घन. ०.५ चा घन म्हणजे ०.१२५. दुर्मिळ शॉकअपचं मूळ डॅम्पिंग तुमच्या गाडीत आठवा हिस्साच उरलं, तर ती किंमत कशासाठी मोजली?

हे गुणोत्तर घरी मोजता येतं. शॉकअपची स्प्रिंग काढा, चाक १०-१० मिमीनं उचला आणि दरवेळी शॉकअपच्या दोन बोल्टमधलं अंतर लिहा. वीस ओळींचा तक्ता होतो. जुन्या गाडीवरचं बहुतेक काम या तक्त्यापासून सुरू व्हायला हवं.

डॅम्पर: भोक, वायसर आणि वायू

आरएक्स किंवा केबीच्या काळातल्या फोर्कमध्ये डॅम्पर म्हणजे भोकं पाडलेली एक नळी. तेल त्या भोकांतून जातं आणि विरोध करतं. अडचण अशी की भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. फोर्क हळू हलतो तेव्हा, म्हणजे ब्रेक लावताना किंवा वळणात, विरोध नसल्यासारखा आणि गाडी डुबकी मारते. फोर्क वेगात हलतो तेव्हा, म्हणजे दगडावर किंवा उडीनंतर, विरोध इतका वाढतो की फोर्क जणू गोठतो आणि झटका थेट मनगटात येतो. भोक मोठं केलं तर पहिला त्रास वाढतो, लहान केलं तर दुसरा. जाड तेल ओतल्यानंही वक्राचा आकार बदलत नाही, तो आहे तसाच वर सरकतो.

यावरचा उपाय म्हणजे पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची रास, म्हणजे शिम. गॅरेजच्या भाषेत अगदी पातळ वायसर. दाब वाढला की त्या वाकतात आणि वाट मोठी करतात. त्यामुळे कमी वेगाला पुरेसा विरोध मिळतो आणि जास्त वेगाला तो हाताबाहेर जात नाही. शिमची जाडी आणि व्यास बदलून वक्र हवा तसा घडवता येतो. जुन्या फोर्कमध्ये अख्खं कार्ट्रिज बसत नसेल, तर डॅम्पर नळीची मूळ भोकं मोठी करून तिच्या डोक्यावर स्प्रिंगनं दाबलेली छोटी झडप ठेवतात. तिला इम्युलेटर म्हणतात. अमेरिकेच्या रेस टेकनं ही कल्पना लोकप्रिय केली.

दुसरी अडचण उष्णतेची. डॅम्पर गाडीच्या हालचालीची ऊर्जा तेलात उष्णता म्हणून ओततो. तेल तापलं की पातळ होतं आणि विरोध घटतो. शिवाय पिस्टनमागचा दाब फार कमी झाला तर तेलात बुडबुडे होतात. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ द कार्बों यांनी १९५० च्या दशकात तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन घालून यावर तोड काढली. पल्सरच्या मागच्या शॉकअपला जोडलेला, 'नायट्रॉक्स' लिहिलेला डबा आठवतो? त्यात नायट्रोजन असतो. काम तेच, तेलावर दाब ठेवायचं.

एअरशॉक्सचा त्रास मात्र याच्या उलटा. तिथे हवाच स्प्रिंग आहे. सकाळी २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला भरलेली हवा शर्यतीत ८७ अंशांवर, म्हणजे ३६० केल्विनवर गेली, तर तेवढ्याच आकारमानात निरपेक्ष दाब २० टक्क्यांनी वाढतो. पहिल्या फेरीला बरोबर वाटणारी गाडी दहाव्या फेरीला उंच आणि कडक झालेली असते. म्हणजे "एअरशॉक्स चांगले की वाईट" हा प्रश्नच अपुरा आहे. कितव्या मिनिटाला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

डॅम्पर डायनो आणि बाहेर जाऊन केलेला अंदाज

डॅम्पर मोजायचं यंत्र म्हणजे डायनो. मोटर आणि क्रँक शॉकअपला ठरलेल्या स्ट्रोकनं वर-खाली करतात, लोड सेल बल मोजतो. त्यावरून बल आणि वेग यांचा आलेख मिळतो. क्रँकच्या यंत्रात सर्वोच्च वेग म्हणजे पाय गुणिले स्ट्रोक गुणिले वारंवारिता. ५० मिमी स्ट्रोक आणि सेकंदाला २ फेऱ्या असतील तर सुमारे ०.३१ मीटर प्रतिसेकंद.

आता मघाची उडी आठवा. चाक ४.४ मीटर प्रतिसेकंदानं दाबलं जात होतं. गुणोत्तर ०.५ असेल तर शॉकअप २.२ नं दाबला जातो. तुमच्या डायनोच्या सातपट वेगानं! तिथवर पोहोचायला याच स्ट्रोकला सेकंदाला १४ फेऱ्या लागतील, आणि ते छोट्या प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या आवाक्यातलं नसतं.

मग आलेख पुढे वाढवायचा? बल वेगाच्या प्रमाणात धरलं तर सातपट येतं, वर्गाच्या प्रमाणात धरलं तर एकोणपन्नासपट. एवढी तफावत असताना आलेखाची रेघ पट्टीनं पुढे ओढणं म्हणजे उत्तर मोजणं नव्हे, ते गृहीत धरणं झालं. प्रबंधात असा आलेख आला तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील. आपण काय मोजलं आणि काय मानून घेतलं, यांच्यामधली रेघ आलेखावर स्पष्ट दाखवा. यंत्र अपुरं असणं हा दोष नाही, ते लपवणं हा दोष आहे.

'चांगलं' म्हणजे नेमकं काय?

नवीन अभ्यासक बहुतेक वेळा इथे अडखळतात. जुन्या गाडीचं सस्पेन्शन "सुधारायचं" म्हणजे यातलं काय करायचं?

स्वाराच्या अंगावरचे धक्के कमी करायचे? चाक जास्त वेळ जमिनीला टेकलेलं ठेवायचं? फेरीची वेळ कमी करायची? उडीनंतर फोर्क शेवटाला आपटायचा थांबवायचा? की गाडी त्या काळात होती तशी ठेवायची?

ही उद्दिष्टं एकमेकांशी भांडतात. अंगाला मऊ वाटणारी गाडी उडीनंतर आपटते. न आपटणारी गाडी छोट्या खड्ड्यांवर चाक उडवते. एका सेटिंगनं सगळं साधत नाही, आणि साधलं असं कुणी म्हणालं तर त्यानं सगळं मोजलेलं नाही असं समजावं.

अमेरिकेतल्या एएचआरएमए या संस्थेच्या जुन्या मोटोक्रॉसच्या स्पर्धांमध्ये व्हिंटेज वर्गाला मागच्या चाकाचा प्रवास ४ इंच आणि पुढच्याचा ७ इंच अशी मर्यादा आहे. म्हणजे ३०० मिमीचं सस्पेन्शन लावून प्रश्न सोडवायचा मार्गच बंद. उरतो तो अवघड आणि सुंदर प्रश्न: प्रवास १०० मिमीच ठेवून डॅम्पिंगचा वक्र कसा असावा? अशी बंधनं तुमच्या कामातही मुद्दाम लिहून काढा. बंधनं लिहिली की विषय लहान होतो, आणि लहान विषयच पूर्ण होतो.

धक्के मोजायला आयएसओ २६३१ हे मानक पुष्कळजण उचलतात. ते अंगभर बसणाऱ्या कंपनांसाठी चांगलं आहे, पण मोटोक्रॉसचा स्वार अर्धा वेळ पायदानांवर उभा असतो. सीटवर सेन्सर लावून काढलेला आकडा मग कुणाच्या अनुभवाचा? मानक वापरण्याआधी त्याच्या गृहीतकांशी आपला प्रसंग जुळतो का, ते तपासा.

तसंच मोबाइलचं. मोबाइलमधला त्वरणमापक सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल आणि उडीनंतरचा धक्का ४५ मिलिसेकंदांत संपत असेल (१ मीटर उंची आणि १०० मिमी प्रवासाला तो साधारण तेवढाच टिकतो), तर अख्ख्या धक्क्यासाठी चार-पाच बिंदू मिळतात. शिखर त्या बिंदूंच्या मधे कुठेतरी निसटतं. मोबाइल वापरू नका असं नाही. कशासाठी वापरायचा ते ठरवा. सरासरी कंपनांसाठी चालेल, शिखरासाठी नाही. फोर्क किती दाबला गेला हे बघायला तर नळीवर बांधलेला एक झिप टाय पुरतो. जिथवर सरकला, तिथवर फोर्क गेला.

चाचणीचा क्रम

समजा जुना शॉकअप म्हणजे 'अ' आणि दुर्मिळ शॉकअप म्हणजे 'ब'. सकाळी 'अ' वर पाच फेऱ्या, दुपारी 'ब' वर पाच फेऱ्या. 'ब' जलद निघाला. सिद्ध झालं?

नाही. दुपारपर्यंत स्वाराला ट्रॅक पाठ झालेला असतो. किंवा उलट, ट्रॅकवर चाकांचे खोल चर पडलेले असतात आणि स्वार दमलेला असतो. वेळ आणि शॉकअप दोन्ही एकाच वेळी बदलले, म्हणून कुणाचा परिणाम कुणाचा ते वेगळं करता येत नाही. साधा उपाय म्हणजे अ-ब-ब-अ असा क्रम. ट्रॅक आणि स्वार यांच्यात हळूहळू, एका दिशेनं होणारा बदल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा वाटला जातो. दरवेळी शॉकअप थंड होऊ द्या, टायरमधली हवा तपासा, पेट्रोल सारखंच ठेवा.

आणखी एक. स्वाराला ठाऊक असतं की आपण दुर्मिळ, प्रसिद्ध शॉकअपवर बसलोय. तो जोरातच चालवणार! शॉकअप लपवता येत नाही, पण त्याची क्लिकची सेटिंग लपवता येते. कुठलं सेटिंग आहे ते स्वाराला न सांगता त्याचं मत घ्या, आणि एखाद-दोन वेळा काहीच न बदलता "बदललं" असं सांगून बघा. अशी चाचणी आखली असेल तर स्वाराला तसं आधी सांगून त्याची संमती घ्या. माणसांवरच्या प्रयोगात हा भाग टाळता येत नाही.

कमकुवत दुवा सरकतो

सस्पेन्शन सुधारलं की भार नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे जातो. शॉकअपची जागा बदलली तर जिथे पूर्वी भार येतच नव्हता अशा चासीच्या नळीवर तो येतो. तिथे जाड पत्रा न लावता नुसती पाटी वेल्ड केली, तर तडा वेल्डच्या कडेलाच जातो. आणि तो उडीनंतर उतरतानाच जातो, उभ्या गाडीत नाही.

उंचीचंही तसंच. मागचा शॉकअप लांब असल्यानं गाडी मागून ३० मिमी उचलली गेली आणि दोन चाकांतलं अंतर १२५० मिमी असेल, तर पूर्ण गाडी सुमारे १.४ अंशांनी पुढे झुकते. हँडलचा कोन तेवढा उभा होतो, आणि ३०० मिमी त्रिज्येच्या चाकाला ट्रेल सुमारे ८ मिमी कमी होतो. गाडी वळायला हलकी वाटते म्हणून आनंद होतो, आणि सरळ वेगात हँडल थरथरायला लागलं की कारण शॉकअपमध्ये शोधलं जातं.

म्हणून दोन नियम. पहिला, परत फिरता येईल असाच बदल करा. बोल्टनं बसवलेली पाटी काढता येते, कापलेली चासी जोडता येत नाही. पन्नास वर्षं टिकलेली मूळ चासी कापणं म्हणजे एकुलतं एक हस्तलिखित समासातली जागा हवी म्हणून कातरण्यासारखं आहे. दुसरा, हे सगळं बंद मैदानापुरतं. रस्त्यावर नोंदणी असलेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे.

आता प्रश्न लिहा

"जुन्या मोटोक्रॉस गाडीचं सस्पेन्शन सुधारणं" हा विषय आहे, प्रश्न नाही. वरचं सगळं वापरून तो प्रश्न असा होऊ शकतो: "मागच्या चाकाचा प्रवास १०० मिमी कायम ठेवून, १०० सीसीच्या गाडीत भोकांच्या डॅम्परऐवजी शिमचा डॅम्पर वापरल्यास, १५ मिनिटांच्या सलग चालवण्यात चाक जमिनीपासून सुटण्याचा काळ किती बदलतो?" यात बंधन आहे, तुलना आहे, मोजायची राशी आहे आणि वेळ आहे. दुर्मिळ ब्रँडचं नाव नाही, आणि त्याची गरजही नाही. तोच ब्रँड हाती आला तर तो या प्रश्नातला एक नमुना होतो, उत्तर नाही.

साहित्य शोधताना जर्नलांबरोबर पेटंटही वाचा. टिल्केन्स यांच्यासारख्या लोकांची पेटंट फुकट वाचता येतात, आणि त्यातल्या आकृत्या पुष्कळदा शोधनिबंधांपेक्षा स्पष्ट असतात. मोजमापाच्या साधनांचं कॅलिब्रेशन हवं असेल तर चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये अशा सेवा मिळतात. कॉलेजात बाहा एसएईच्या स्पर्धेत उतरणारा गट असेल तर त्यांच्याशी बोला. त्यांच्या गाडीला बहुतेक वेळा हवेचे शॉकअप असतात, आणि त्यांच्याकडे न वापरलेल्या नोंदींचा ढीग पडलेला असतो.

आणि जुना शॉकअप हाती आलाच, तर तो लगेच खोलू नका. आधी फोटो. मग लांबी, शाफ्टचा व्यास, स्प्रिंगच्या तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या. मग शक्य असेल तर आहे त्या स्थितीत डायनोवर एक फेरी, गळत असला तरी. गळका डॅम्परही माहिती देतो. मग खोला, आणि शिम निघतील त्या क्रमानं तारेत ओवून ठेवा, प्रत्येकाची जाडी मायक्रोमीटरनं लिहा. आतलं जुनं तेल एका बाटलीत काढून तारीख लिहून ठेवा. सील नवे बसतील, क्रोम नवं होईल, भोसरीत दोन दिवसांत होईल. पण एकदा विस्कटलेला शिमचा क्रम आणि न घेतलेली पहिली नोंद कुठल्याही एमआयडीसीत परत बनवून मिळत नाही.